भिंतीकडे तोंड

प्रिय ताई,

अक्षर ओळखून पाकीट फाडून टाकलं नाहीस, तर पुढचं वाच. हे गेले. एकवीस दिवस झाले. कारखान्यात फळीला रंधा मारता मारता खाली बसले, ते उठलेच नाहीत. तुला कळवलं नाही, कारण त्यांनीच तसं बजावून ठेवलं होतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

छकुली एकोणीस वर्षांची झाली. नाव मात्र तेच राहिलं. मान धरत नाही, बोलत नाही. कुणी शिंकलं की खदखदून हसायची. हे कामावरून आले की दारातच खोटं खोटं शिंकायचे. आता संध्याकाळ झाली की तिची नजर दाराकडे लागते. परवा मीच बाहेर जाऊन, आत येताना शिंकून पाहिलं. हसली नाही.

तिची अंघोळ ह्यांच्याकडे होती. तिच्यासाठी पट्ट्यांची खुर्ची केली होती त्यांनी. ती वाढली की नवी करायचे. अशा पाच झाल्या. मंगळवारी मी एकटीनं उचलायला गेले आणि दोघी मोरीत पडलो. तिला फारसं लागलं नाही. माझी कंबर धरली. शेजारीण येईपर्यंत दीड तास तशाच होतो, ओल्या. खरं सांगू? मला वाटत होतं, कुणी येऊच नये.

पडल्या पडल्या तुझी ती खोली आठवत होती. तू नर्स होतीस त्याच दवाखान्यात मी बाळंतपणासाठी नाव घातलं होतं, ताई आहे म्हणून निर्धास्त. हे बाहेरगावी होते. दुपारी तू पोटावर कान लावलास आणि तुझा चेहरा उतरला. बाळाचे ठोके मंदावलेत, ऑपरेशन करावं लागेल, सही कर म्हणालीस. तीनदा म्हणालीस. डॉक्टरही सांगून गेले. मी तुझा हात झटकला. "मला कापू देऊ नकोस, माझं मी बघते," असं म्हणाले. भीती वाटत होती, दुसरं काही कारण नव्हतं. सही केली तेव्हा दोन तास गेले होते. छकुली रडलीच नाही.

हे आले. "एवढा उशीर कुणी केला?" एवढंच विचारलं त्यांनी. तू माझ्याकडे पाहिलंस. मी भिंतीकडे तोंड केलं. मग तू म्हणालीस, "माझं चुकलं, भावजी." माझा संसार मोडू नये म्हणून म्हणालीस. त्यांनी तुला उंबरा बंद केला, आणि मी त्यांना एकदाही अडवलं नाही. मी मेलो तरी तुझ्या बहिणीला कळवू नकोस, असं ते मागच्याच महिन्यात म्हणाले. मी बरं म्हटलं.

आता कुणाला भ्यायचं कारण उरलं नाही, म्हणून धीर आला. त्यात माझा मोठेपणा काहीच नाही. तू ये, असं म्हणायला मला तोंड नाही. तुझं चुकलं नव्हतं, हे तुझ्या हातात लिहून द्यायचं होतं. काल सकाळी भरवता भरवता छकुलीला सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं. मी भरवला.

तुझीच,
धाकटी