आजोबा गटात बसत नाहीत

चि. जयवंत यास श्रीपतदादाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तीनदा लिहायला बसलो आणि तीनही वेळा गॅलरीतून ढगांचे गट पाडत राहिलो (कारण पुढे येईल). तुझा गुडघा कसा आहे? इकडे चंदनसारला सुमेध, सूनबाई, उन्नती खुशाल. मी आपला आहे.

उन्नतीच्या बालवाडीत आजी-आजोबांना बोलावले होते. तिच्या कार्मिन टीचर पोरांना विचार करायला शिकवतात म्हणे. मला वाटले, त्यात शिकवायचे काय? मला तर तो थांबवता येत नाही. वीतभर खुर्चीत बसवले (उठताना तीही माझ्याबरोबर उठली). टीचरनी चित्रे मांडली: आंब्याचे झाड, चिकूचे झाड, केळ आणि बेडूक. गटात न बसणारे कोण? पोरे ओरडली, "बेडूक!" मी हात वर करून केळ म्हणालो. पोरे हसली, पण टीचरनी विचारले, "का, आजोबा?" जयवंता, चौथीपर्यंत मला एकाही मास्तराने 'का' विचारले नाही, छडीच मारली. मी म्हटले, आंबा, चिकू दरसाल फळतात, बेडूकही दर पावसात येतो. केळ मात्र एक घड देते आणि कापली जाते. मला आपल्या आगाशीच्या वाडीत वाळणाऱ्या सुकेळ्यांचा वास आला आणि तिथेच डोळा लागला.

खरे दुखणे पुढेच आहे. घरी उन्नतीने बटणांची माणसे केली. आई, बाबा आणि ती, अशी तीन बटणे वाटीत. मी कोटाचे काळे बटण, वाटीबाहेर. "आजोबा गटात बसत नाहीत," म्हणाली आणि पळाली. तेव्हापासून मी घरात तरंगतो आहे. चपलांच्या कपाटातही माझ्याच वहाणा परक्या वाटतात. 'का' विचारायची हिंमत होत नाही. केळीचे उत्तर मीच देऊन बसलो आहे ना!

तुझा,
श्रीपतदादा

ता. क. पडवीतली माझी खाट अजून आहे ना? पत्र खरे तर तिच्यासाठीच लिहिले. सुमेधला बोलू नकोस.

ता. क. २ पाकीट चिकटवण्याआधी धीर करून उन्नतीला विचारले. म्हणाली, "आम्ही तिघे सकाळी बाहेर जातो. तुम्हीपण वाटीत बसलात तर दार कोण उघडणार?" टीचर चांगले शिकवतात. खाट राहू दे, तिच्यावर सुकेळी वाळव आणि थोडी इकडे पाठव. उत्तर मात्र लगेच धाड. पोस्टमनला दार मीच उघडतो.