हवालदारसाहेबांची बॅटरी

१३ जानेवारी २०२५, सोमवार

पुन्हा बंद! मी भोगीच्या भाजीचं वाटण करतेय आणि हवालदारसाहेब दारात उभे. ‘सेल्फ घेईना. बॅटरी उतरली.’ जणू हातातलं वाटण टाकून मीच जाऊन चार्ज करणार आहे!

हवालदारसाहेब म्हणजे माझा नवरा. गाव त्यांना आप्पासो म्हणतं. मी हवालदारसाहेब म्हणते, ते ऐकून त्यांनाही बरं वाटतं आणि मलाही. फौजेतून सुटून सतरा वर्षं झाली, अजून त्यांना कुणी ते कळवलेलं नाही. अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवले, लेहपर्यंत नेले. आणि घरची एवढीशी गाडी गल्लीच्या टोकावरच्या शेडमधून बाहेर निघत नाही. बॅटरी चार महिन्यांपूर्वीची, नवी.

१४ जानेवारी

शेजारच्या नाथाजीच्या पिकअपवरून वायरी लावून सुरू केली. सणाच्या दिवशी गल्लीतले चार पुरुष बॉनेटमध्ये डोकं घालून उभे. कळत एकालाही नव्हतं, मत मात्र प्रत्येकाचं ठाम. तिळगूळ तिथंच नेऊन दिला.

१७ जानेवारी

परत उतरली. साहेबांचं निदान — ‘डायनामोचा पट्टा ढिला हाय.’ पट्टा बदलला.

१९ जानेवारी

पट्ट्याचं काही नव्हतं.

२० जानेवारी

आज बॅटरीची टर्मिनल घासली. त्यावर पांढरं बसलंय म्हणे. ढोकळ्यासाठी आणलेला सोडा गेला. घासायला ‘जुना’ ब्रश नेला — तो माझा रोजचा दात घासायचा ब्रश निघाला. चौतीस वर्षं शाळेत पोरांच्या चुका लाल पेनानं काढल्या, पण इतक्या आत्मविश्वासानं चुकणारा एकही भेटला नाही.

२१ जानेवारी

राजेश्वरीचा पुण्याहून फोन. ‘आई, किती बोलतेस बाबांना. गाडीच तर आहे.’

गाडीच तर आहे! लेकीला काय कळणार? ती तेव्हा इथं नव्हती.

बरोबर चार महिने झाले आज. एकवीस सप्टेंबर. छातीत कळ, घाम, उलट्या. हे किल्ली घेऊन पळाले. मी बाजेवर, समोर भिंतीवर घड्याळ. पस्तीस मिनिटं. एकेक मोजलं. आणि दारात येऊन उभा राहिला नाथाजीचा पिकअप. ‘आपली गाडी?’ एवढंच विचारू शकले. म्हणाले, ‘त्यात घाण हुईल. सीट कव्हरं नवी हाईत.’

सांगलीपर्यंत रिकाम्या क्रेटांच्या शेजारी गोणपाटावर पडून गेले. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. दोन स्टेंट घातले. हृदयाचा एक भाग कमजोर झाला तो झालाच.

तेव्हापासून भेटेल त्याला सांगते. जावयाला सांगितलं, व्याह्यांना सांगितलं, परवा हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांगितलं. माझ्या जिवापेक्षा ह्यांना सीट कव्हरं महाग. समोर बसून ऐकतात, मान खाली घालून. जराशी लाज असती तर तोंड उघडलं असतं. असल्या माणसाबरोबर छत्तीस वर्षं काढली, माझीच मला कीव येते.

पहिल्या तारखेला, शनिवारी, राजेश्वरीकडे जाणार. परत यायचं नाही. हे साहेबांना सांगून झालंय. ‘बरं’ म्हणाले.

२४ जानेवारी

शेवटी पलूसहून शाहनवाजला बोलावलं. मी बोलावलं — साहेबांना मेकॅनिक कुठं लागतो! शाहनवाज माझा विद्यार्थी. चौथीत भागाकारात कच्चा होता, मीटर मात्र नीट वाचतो. चहा घेऊन मीही शेडवर गेले. ही मजा सोडायची नव्हती.

गाडी बंद असताना मीटरवर बारा व्होल्टसुद्धा नव्हते. सुरू केल्यावर चौदा पॉइंट दोन. ‘बाई, डायनामो एकदम ब्येस हाय. चार्जिंग येतंय.’ किल्ली काढून कुठं करंट गळतोय का तेही पाहिलं. तसलंही काही नव्हतं. मग त्यानं विचारलं, ‘गाडी रोज किती फिरती?’

 मीच सांगितलं. फिरते कुठली! दिवसातून आठ-दहा वेळा नुसती सुरू करून बघतात. फौजेतली गाडी तपासायची फर्स्ट परेड म्हणे. दिवे, हॉर्न, वायपर, सगळं लावून बघायचं, दोन मिनिटांत बंद, घरी येऊन किल्ली खुंटीला. तासाभरानं परत तेच.

शाहनवाज हसायला लागला. ‘मग काय हुणार? सेल्फ मारला की जेवढं जातंय तेवढं दोन मिंटात भरत न्हाई, बाई. आप्पासो, तुमीच उतरवताय की बॅटरी.’

बघून बघून मारली! अठ्ठावीस वर्षांचा अनुभव! इलाज काय, तर रोज पंधरा-वीस किलोमीटर गाडी फिरवून आणायची. मी तिथंच विचारलं, ‘का हो करता असं?’

‘सुरू हुती का बघतो.’ एवढंच. आणि चहा न पिता घरी निघून गेले.

२५ जानेवारी

सांगूनही आज पाच वेळा गेले. धन्य आहे!

२९ जानेवारी

बॅग भरली. गोळ्यांचा डबा वर ठेवला. साहेब उंबऱ्यात बसून बघत होते. मदत करायला हात पुढं आला नाही. किल्ली होती ना हातात.

३१ जानेवारी, शुक्रवार

उद्या सकाळी स्टँडवर सोडशील का, म्हणून नाथाजीला विचारायला गेले. म्हटलं, दवाखान्यालाही तूच नेलंस, आता पुण्याच्या एसटीलाही तूच ने. साहेबांच्या सीटा खराब व्हायला नकोत.

नाथाजीनं मला आधी ओट्यावर बसवलं. मग म्हणाला, ‘वैनी, सीटांचं काय न्हवतं वं. त्या दिशी गाडी सुरूच झाली न्हाई. आप्पासो सेल्फ मारून मारून दमलं. आमी चौघांनी पार मारुतीच्या देवळापातूर ढकलली. तरी न्हाई. भर रस्त्यात रडलं ते. अठ्ठावीस वर्सं डायवर, आन ऐन येळंला घरची गाडी बंद. मला शपथ घातली, वैनीला सांगू नगंस म्हणून.’

घरी येऊन राजेश्वरीला फोन केला. उद्या येत नाही.

‘का गं? बाबांनी परत काही केलं का?’

नाही, म्हटलं. मी केलं.