आधी फोड, मग आघात

३ मार्च, सकाळी ६.४०
दात घासता घासता निर्णय पक्का. ऑफिसात स्पॅनिश गिऱ्हाइकांच्या फोनसाठी नवीन टेबल निघतंय. महिनाअखेर तोंडी परीक्षा. पास झालो की पर्मनंट, मग भाड्याने का होईना, स्वतःची खोली. दाजींचे वडील एप्रिलात कायमचे येणार, म्हणजे इथली खोली गेलीच. ताई म्हणाली, तुझं तू बघ बाबा आता.
पद्धत: आधी क्रियापदं. प्रत्येक रूपाची फोड करायची, जोर कुठे पडतो ते शोधायचं, मगच तोंड उघडायचं. पाया कच्चा नको.

८ मार्च
आ-ब्ला-मोस, म्हणजे 'आम्ही बोलतो'. आघात 'ब्ला'वर. लाल पेन्सिल. बोलायला अजून सुरुवात नाही. घाई करणारे फसतात.
प्रत्येक आघाताला मांडीवर थाप मारतो. बसमध्ये शेजारच्या बाईंनी जागा बदलली.

१४ मार्च
गोदामातला बडबड्याही परीक्षेला बसणार! कूलरपाशी मला स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. आघात साफ चुकीचा. मी तसं सांगितलं. म्हणाला, ते राहू दे, उत्तर दे की राजा. कीव आली.

१९ मार्च
भूतकाळ सुरू. को-मी-आ-मोस, 'आम्ही खायचो'. आघात 'मी'वर. चिठ्ठ्या कापून पलंगावर मांडल्या. दाजींनी येऊन पंखा लावला. अख्खा भूतकाळ पलंगाखाली. उकडतंय रे, म्हणाले. उद्यापासून दाराला कडी.

२७ मार्च
थकलो. भूतकाळ संपता संपत नाही. मांडी ठणकते. ताई म्हणते, दोन वाक्यं तरी बोलून दाखव. म्हटलं, बोलणं काय, ते शेवटी आपोआप येतं. ती भांडी लावत राहिली.

३० मार्च, दुपारी ३
परीक्षा झाली. फोनवरच्या बाईंनी प्रश्न विचारला. त्यातल्या क्रियापदाची मी मनात फोड केली. आघातही सापडला, अगदी अचूक. थाप मारली. तेवढ्यात बाई पलीकडे कुणाला तरी म्हणाल्या, लाईन कट झालेली दिसते.
निकाल चांगलाच लागावा.

४ एप्रिल
टेबल बडबड्याला. साहेब म्हणाले, मनाला लावून घेऊ नकोस, तुझं अक्षर छान आहे. दाजींचे वडील आले. माझी गादी पॅसेजमध्ये, चपलांच्या रॅकशेजारी.
सकाळी बडबड्याने वर निघालेल्या लिफ्टमधून स्पॅनिशमध्ये विचारलं, कसा आहेस. मी नीट फोड करून, आघात सांभाळून उत्तर दिलं.
तोवर लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचली होती.