बाहेर ठेवलेली बाबागाडी

१० जून

चार रात्री झाल्या, झोपले नाही. झोप येत नाही असं नाही — मीच येऊ देत नाही. बिर्ताची छाती वरखाली होते ती बघत बसते. माझा डोळा लागला आणि ती थांबली तर?

गुरुवारी बाटलीतलं दूध तिच्या नाकात गेलं. ओठ निळे पडले. घरात मी एकटी. पालथी धरली, पाठीवर थापट्या मारल्या, मग रडली. झालं, एवढंच. पाच मिनिटांनी हसत होती कार्टी! मीच तिथून हलले नाहीये अजून. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणतील, हिला पोर सांभाळता येत नाही. एकवीस वर्षांची, शाळा अर्धी सोडून मासळीच्या कारखान्यात लागलेली — हिच्याकडे कशाला ठेवायचं बाळ? सरकारी लोक येऊन घेऊन जातील.

आज नर्स थोरा आली. बिर्ताचं वजन केलं. "छान भरतेय गं! दोन महिन्यांची वाटत नाही. आणि तू? झोपतेस ना?"
हो म्हटलं.
"दुपारी बाबागाडी बाहेर ठेवतेस ना?"
हो म्हटलं. तेही खोटं. इथे सगळ्यांचीच पोरं दुपारी बाहेर गार वाऱ्यात झोपतात. मीपण झोपले असणार तशीच, लोकरीत गुंडाळून. पण गाडी बाहेर ठेवली की मधे खिडकीची काच येते. काचेतून श्वास दिसत नाही.

थोरा म्हणाली, घरात कोंडून घेऊ नकोस. "रोज एक जागा बघून ये. लोक विमानं करून येतात आपलं गाव बघायला. तू काय बघितलंस?"

काय बघितलं? गाव सोडून राजधानीत, रेक्याविकला येऊन दोन वर्षं झाली. दुकान, दवाखाना, तळघरातली ही खोली. बिर्ताचा बाप ओद्दुर टुरिस्टांची बस चालवतो. देशाला पुरता वळसा घालून आठ-नऊ दिवसांनी घरी. जर्मन म्हाताऱ्यांना धबधबे दाखवतो! मला इथला चर्चचा मनोरा नाही दाखवला अजून.

बघू. उद्या तळं.

११ जून

तळं बघितलं. बदकं, हंस, आणि बदकांपेक्षा टुरिस्ट जास्त. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पाण्यात घरांची लाल-पिवळी छपरं उलटी दिसत होती.

बाकावर एक आजी होत्या. मी सारखी गाडीत वाकतेय ते बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "काय गं, पळून जाणार आहे का ती?" मी हसले. त्या गेल्यावर परत वाकले. मिनिटाला बेचाळीस श्वास. हे जास्त की कमी? कुणाला विचारू?

दादाचा फोन आला. "काय म्हणतेय राजधानी?"
तळं बघितलं म्हटलं. बदकं बघितली.
"बदकं! अगं, आपल्या धक्क्यावर कमी होती का बदकं? ती बघायला एवढ्या लांब गेलीस?"
मग एकदम म्हणाला, "आवाज असा का तुझा? येऊ का?"
नको म्हटलं. मासे लागलेत ना आता, होडी सोडून कुठे येतोस.
"मासे समुद्रातच असतात. तू बोल."
काही नाही रे दादा, सर्दी झालीय.

आई गेल्यावर माझ्या वेण्या त्यानेच घातल्या. वाकड्या. त्याच्याशी खोटं बोलणं सगळ्यांत अवघड, आणि तेच सगळ्यांत जास्त बोलते.

१२ जून

मोठं चर्च. आतून नुसतं पांढरं, उंच, रिकामं. मला आवडलं. तिथे कुणी काही विचारत नाही.

वर मनोऱ्यात जायची लिफ्ट आहे. ती लहानशी, गाडी मावत नाही. तिकीटवाली म्हणाली, "ठेव इथे बाहेर, कोण नेतंय?" रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे दोघं, मग एक. मग म्हटलं, नको, उंचीची भीती वाटते. भीती कसली! आमच्याकडे कड्यावरून दोरीने उतरून पक्ष्यांची अंडी काढायचो.

दाराबाहेर वेगळाच तमाशा. कुणाची तरी गाडी भिंतीशी उभी, आत बाळ गाढ. एक परदेशी बाई हातवारे करत होती — "बाळ टाकून गेलंय कुणीतरी! पोलिसांना बोलवा!" झाडूवाला शांतपणे म्हणाला, "बाई, पोलीस आले तर तेही हळूच बोलतील. झोपलंय ते."

सगळे हसले. मला त्या बाईची दया आली. ती आणि मी एकाच जातीच्या.

१३ जून

आडवा पाऊस. कुठे गेले नाही. श्वास मोजले.

१४ जून

तरणतलाव. उघड्यावरचा. गरम पाण्याच्या कुंडात बसले. गाडी कुंपणाशी, समोर दिसेल अशी. कुंडात चार म्हातारे सरकारवर भांडत होते. एक म्हणतो, "तुला काय कळतं, तू मत तरी दिलंस का?" दुसरा म्हणतो, "नाही दिलं म्हणूनच शिव्या द्यायचा हक्क माझा!"

पाणी हनुवटीपर्यंत. वर गार वारा. किती दिवसांनी खांदे सैल झाले.

आणि मग कुणीतरी दंड धरून मला वर ओढलं. नाकात पाणी. त्यातलाच एक म्हातारा. "ए पोरी, इथे झोपलीस तर सूप होईल तुझं!"

सगळे हसले, मीपण हसले. कपडे बदलायला गेले, बटणं वरखाली लावली. गाडी समोर होती. आणि किती वेळ मी ती बघत नव्हते, ते मला माहीत नाही.

१५ जून

आज जे झालं ते लिहिलंच पाहिजे.

सकाळी ठरवलं, आज सगळ्यांसारखं वागायचं. कॅफेबाहेर पाच-सहा गाड्या उभ्या होत्या. मीपण बिर्ताची लावली. आत गेले. कॉफी घेतली. उभ्याउभ्याच प्यायले, पण प्यायले! बाहेर आले, गाडी घेतली, समुद्राकडे निघाले. छाती फुगली होती माझी. बघ थोरा, जमलं!

समुद्राकाठी ती शोभेची स्टीलची होडी आहे ना, सांगाड्यासारखी, तिथे थांबले. एका जोडप्याने फोटो काढून मागितला. काढून दिला. मागे डोंगर, वर ऊन. किती सुंदर आहे आपलं गाव, असं खरंच मनात आलं.

तेवढ्यात गाडीतून रडणं आलं. ते रडणं बिर्ताचं नव्हतं.

झाकण वर केलं. लाल केस. हे एवढाले गाल. मुलगा.

गाडी तशीच निळी. पांघरूण वेगळं होतं — पांघरूण बघितलंच नाही मी! किती रात्री जिच्यावरून नजर काढली नाही, तिच्या जागी दुसऱ्याचं पोर घेऊन मी फोटो काढत उभी होते.

पळाले. तो रडतोय, मी रडतेय, लोक बाजूला होतायत.

कॅफेबाहेर एक बाई बिर्ताला खांद्यावर घेऊन गुणगुणत होती. मला बघून म्हणाली, "आलीस का! म्हटलं, बघू तुला कधी कळतं." हसत होती! "जड आहे ना आमचा? तुझी अगदी पिसासारखी आहे. बदलायची का?" मग तिने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि हसणं थांबलं. "ये, बस इथे. कधीपासून झोपली नाहीस?"

मी बिर्ताला ओढूनच घेतलं. माफीपण मागितली नाही. तिचं पोर तिच्यापाशी सोडलं, आपली गाडी ढकलत निघाले. मागून ओरडली, "अगं थांब, नाव तरी सांग!"

नाव कशाला हवं तिला? तक्रार करायला?

घरी आल्यापासून एकच विचार. तेवढा अर्धा तास मी मोजत नव्हते. आणि बिर्ता श्वास घेतच होती. एका अनोळखी बाईच्या खांद्यावर, आरामात.

१६ जून

ओद्दुरचा फोन. बस पूर्वेला बंद पडली, अजून दोन दिवस लागतील. "कशी आहेस?" मस्त म्हटलं.

दुपारी टेबलावर बिर्ताचा लंगोट बदलत होते. डोळे उघडले तेव्हा मी खाली जमिनीवर. ती वर, कडेला, पाय झाडत होती. पडली नाही. एक वीत उरली होती.

धोका दुधाचा नाही. माझा आहे.

१७ जून

आज देशाचा दिवस. बंदराजवळच्या टेकडीवर सगळं गाव लोटलंय. बँड, फुगे, पोरं. बाबागाड्यांची ही रांग. मी मुद्दाम इथे आलेय, माणसांत. गाडीच्या चाकाशी गवतावर आडवी होतेय. ही वही उघडीच बिर्ताच्या पांघरुणावर ठेवते.

जे कुणी हे वाचेल त्याला — मी मेलेली नाही, झोपलेय. अकरा रात्री झोपले नव्हते. उठवू नका. ती रडली तर उचला, मानेखाली हात घालून. बाटली पायाशी आहे, पाजल्यावर खांद्यावर उभी धरा. आणि माझ्या भावाला फोन करा. स्तेइनार नाव. नंबर खाली लिहिलाय. सांगा त्याला, तुझी बहीण खोटं बोलत होती. सर्दी नव्हती. ये म्हणाली.