ताकाने विझलेले पंख

यवतमाळ,
रविवार, ता. ३ डिसेंबर १९६१

तीर्थस्वरूप किसनरावदादा यांच्या सेवेशी,

चंद्रशेखरचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द सवयीने पडलेला नाही. जावयाने बायकोच्या भावाला साष्टांग घालायचा नसतो हे मला ठाऊक आहे, पण आज आठही अंगे तयार आहेत.) वहिनींचा गुडघा थंडीत काय म्हणतो? मुली वेळेवर शाळेत जातात ना? तुमच्या पोस्टात नवीन घड्याळ आले, की वणीचे टपाल अजून जुन्याच घड्याळाच्या मर्जीने निघते? इकडे मी ठीक आहे, म्हणजे स्वतःच्या हातचे खाऊन माणूस जितका ठीक राहू शकतो तितका. आमची कुंदा, म्हणजे तुमची धाकटी बहीण, सोमवारच्या एस.टी.ने निघाली ती सुखरूप पोचली असेलच. पोचल्याचे कार्ड आलेले नाही. भाऊ पोस्टमास्तर असताना बहिणीचे कार्ड सहा दिवस येऊ नये, यावरून जे समजायचे ते मी समजलो आहे.

तिने तुम्हाला काय सांगितले ते मला माहीत नाही. काहीच सांगितले नसेल तर ते जास्त भीतीचे. तेव्हा झाला प्रकार माझ्याच तोंडून ऐका. तुम्ही भाऊबिजेला ओवाळणीत घातलेले मोरपंखी लुगडे जळाले. कुंदाला कुठेही चटका बसलेला नाही, हे आधी सांगतो. लुगड्याला मात्र पदराजवळ ताटलीएवढे भोक पडले आहे. त्याचा सगळा दोष माझा, आणि उरलाच तर गगनपूरच्या पंखवाल्या लोकांचा.

गगनपूर कुठे आले म्हणाल. कुठेच नाही, ते मीच वसवले आहे. एप्रिलात रशियाचा माणूस आकाशात जाऊन आला तेव्हा आमच्या तहसील कचेरीत आठ दिवस दुसरा विषय नव्हता. आणि मी (जो गच्चीच्या कठड्यापाशी जायचे तर आधी भिंत धरतो) घरी येऊन कुंदाला म्हणालो की माणसाला यंत्र कशाला हवे, आपण पंखच असलेली माणसे काढू आणि त्यांच्यावर कादंबरी लिहू. नागपूरच्या एका मासिकाला नवे काही हवेच होते. दुसरा लेखक असता तर त्याने आधी राजकन्या काढली असती. मी आधी तक्ता आखला. उंची साडेपाच फूट, पंखांचा पसारा अकरा फूट, वजन कमी, हाडे पोकळ. पिसांचे रंग हुद्द्याप्रमाणे : कोतवालाची करडी, पटवाऱ्याची तपकिरी, तहसीलदाराची पांढरी. मग मी आकाशाची मोजणी केली. त्याचे बेचाळीस शिवार पाडले आणि शिवाराच्या खुणा म्हणून ढग धरले. ढग सरकतात हे माझ्या लक्षात दुसऱ्या प्रकरणात आले, तेव्हा तिथे दोन सख्ख्या भावांचा बांधावरून तंटा लागला, आणि तो मिटवायला मला आणखी दोन प्रकरणे लागली. ताडाच्या झाडापेक्षा उंच उडायचे तर तीन प्रतींत अर्ज हवा, असा गगनपूरचा नियम आहे. नायकाचा अर्ज चौथ्या प्रकरणात मंजूर होतो आणि पाचव्यात कळते की सही चुकीच्या रकान्यात पडली आहे. (सतरा वर्षे रेकॉर्डात काढलेल्या माणसाची कल्पनाशक्ती कुठवर जाते, ते मी असे मोजून पाहिले आहे.)

माझे अक्षर तुम्हाला माहीत आहे. वणीच्या पत्त्याचे माझे कार्ड एकदा वाणगावला जाऊन आले होते. त्यामुळे पक्की प्रत कुंदाच करी. दुपारी भांडी आवरली की ती दारात चटई टाकून बसे, आणि संध्याकाळी मी कचेरीतून आलो की चहाबरोबर शंका पुढे करी. "हे लोक झोपतात कसे हो? उताणं त येत नसंल झोपता." मी नियम केला : गगनपुरात सर्वांनी कुशीवर झोपावे. "अन् बाळंतीण? ते लेकराले पाठीशी घेईन का पंखात?" मी तो रकाना रिकामा सोडला. "अन् तुमचे लोक उडतात कधी? पाच प्रकरणं झाली, पायीच चालून राह्यले सगळे." याला मी म्हणालो की उडणे पुढे येणार आहे, वाचकाला ताटकळत ठेवावे लागते. सहाही प्रकरणे तिच्या अक्षरात दिवाळीआधी नागपूरला गेली. मी फक्त लिफाफा चिकटवला.

सातवे प्रकरण गगनपूरच्या स्वयंपाकघराचे करायचे ठरले, आणि इथे माझी बुद्धी फिरली. मनात आले की पंखवाली बाई चुलीपुढे कशी बसते हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय लिहू नये. मोक्यावर गेल्याशिवाय पंचनामा करू नये, अशी आमच्या खात्याची शिकवण आहे. आमच्या गल्लीतल्या डोमाजी शिंप्याकडे गेलो. त्याने माझे सगळे ऐकून घेतले, कानावरची पेन्सिल काढली आणि विचारले, "बाबूजी, शिवून देतो, पन मानूस आना. बिनमापाचे पंख म्या आजवर शिवले नाही." (मापाचे किती शिवले होते ते मी विचारले नाही.) शेवटी कुंदाच्या चोळीच्या मापावर त्याने मांजरपाटाचे दोन पंख बेतले आणि आत भरायला काय घालू म्हणाला. आता सांगा दादा, यवतमाळात, डिसेंबर तोंडावर आला असताना, जिनिंग कारखान्याच्या बाजूने वारा सुटला की अंगणातली तुळससुद्धा पांढरी होते अशा दिवसांत, माणूस दुसरे काय सुचवणार? कापूस भर म्हटले. त्याने हात राखला नाही. वर गादीला घालतात तसे टाकेही घातले. ते पंख कमी आणि दुलया जास्त झाले होते, पण मला ते फार देखणे वाटले.

कुंदा पंख नेसणार (का घालणार? गगनपुरात यासाठी कोणता शब्द आहे ते मी अजून ठरवलेले नाही) हे कळल्यावर डोमाजीची बायको तुळसाबाई पाहायला आली. म्हणून कुंदाने नवे लुगडे काढले. मी वही-पेन्सिल घेऊन उंबऱ्यावर बसलो. भाकरी थापताना पंख मागे राहतात, अशी नोंद केली. पीठ घ्यायला वाकल्यावर उजवा पंख मांडणीला लागतो, अशी दुसरी नोंद केली, आणि मांडणीवरची हळदीची बरणी खाली आली ती तिसऱ्या नोंदीत घेतली. मग ती मीठ घ्यायला वळली. पंखाचे टोक चुलीवरून गेले. कापूस पेटायला किती वेळ लागतो ते जिल्ह्यातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. मी मात्र चौथी नोंद लिहीत होतो. तुळसाबाई ओरडली, "अवो बाबू, लिवता काय, इझवा नं!" घागर माझ्या हाताशी होती. मी उचलले ते ताकाचे पातेले. सगळे ताक कुंदाच्या डोक्यावरून ओतले आणि पंख विझले. लुगड्याची कथा तेवढ्यात संपली होती.

असे हे झाले. तुमच्या बहिणीला मी कापूस लावून चुलीपुढे बसवले, यापेक्षा मोठा मूर्खपणा आमच्या घराण्यात झालेला नाही. (माझ्या काकांनी एकदा उलट्या छत्रीत बसून विहिरीत उतरायचा बेत केला होता, पण ते उतरले नाहीत.) लुगड्याबद्दल मी तुमची आणि वहिनींची हात जोडून क्षमा मागतो. कुंदाचा राग निवळेल असे काही आपण दोन शब्दांत सांगावे. मुलींना आशीर्वाद.

आपला,
चंद्रशेखर

ता. क. डोमाजी म्हणतो की जळका भाग कापून तिथे दुसऱ्या काठाची पट्टी बेमालूम बसवता येते. लुगडे त्याच्याकडे दिले आहे.

ता. क. दुसरा. वरचे सगळे पत्र पुन्हा वाचले. त्यात खोटे काही नाही, पण ज्यासाठी लिहायला बसलो तेही त्यात नाही. लुगडे जळाले त्या दिवशी कुंदा रागावली नव्हती दादा. ती हसली. डोक्यावरून ताक गळत होते आणि ती तुळसाबाईचा खांदा धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. ती वणीला आली ती त्यानंतर पाच दिवसांनी, दुसऱ्याच गोष्टीवरून.

ती गेली त्याच्या आधीच्या शनिवारी नागपूरच्या संपादकांचे पत्र आले. मी ते फोडले नाही. तसेच खिशात घालून आमच्या गल्लीतल्या वाचनालयात गेलो, कारण तिथे शनिवारी संध्याकाळी मंडळी जमतात आणि चारचौघांत फोडायची मला हौस. बायकाही होत्या, कुंदा चहा देत होती. मी उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात वाचले. पहिल्या पाच प्रकरणांबद्दल लिहिले होते की ती जिल्ह्याच्या वार्षिक अहवालासारखी आहेत आणि एकही पात्र उडत नाही. लोक हसले, मीही हसलो. पुढे होते : "परंतु सहावे प्रकरण वाचून आम्ही थक्क झालो." माझे सहावे प्रकरण गगनपूरच्या शेतसाऱ्यावर होते. मी पुढे वाचत गेलो. पंख गळण्याचा महिना येतो, पुरुष आधीच दूर उडून गेलेले असतात, गावात बायका पायी चालतात, असे त्या प्रकरणात आहे. एका म्हातारीची पिसे गळतात ती पुन्हा येतच नाहीत. नवे पंख फुटलेल्या शेजारणी रोज सूर्य मावळायच्या आधी तिला दोन्ही हातांना धरून घराच्या छपरावर नेऊन बसवतात, आणि ती तिथून कोण कुठे चालले आहे ते सांगते. संपादक लिहितात की ते वाचताना त्यांना पुढचे अक्षर दिसेना.

त्यातले एक अक्षर माझे नव्हते. माझा शेतसारा बाजूला ठेवून कुंदाने पक्क्या प्रतीत आपले घातले होते, आणि मी न वाचता लिफाफा चिकटवला होता. ती म्हातारी कोण ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्या आई शेवटच्या वर्षी अंथरुणाला होत्या, तेव्हा शेजारच्या मथुराबाई आणि त्यांची सून आईंना हातांवर उचलून ओट्यावर आणून बसवीत, आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला त्या हाक मारीत. मीही एकदा ती हाक ऐकली आहे.

टाळ्या पडल्या. मी मान लववली. वाचनालय चालवणारे रामराव म्हणाले, "हे तुमाले सुचलं कसं?" मी म्हणालो, "सुचलं." ते म्हणाले, "वहिनीचा काही हात?" आणि मी, दादा, हसून म्हणालो, "ती फक्त पेनात शाई भरून देते." सगळे हसले. कुंदा तेव्हा माझ्याच कपात चहा ओतत होती. तिने कप पूर्ण भरला, मला दिला आणि पुढच्या माणसाकडे वळली. रविवारी ती माझ्याशी एकही वाकडा शब्द बोलली नाही. सोमवारी गेली. जाताना फक्त म्हणाली, "शाईची बाटली फळीवर हाये." मला स्वतःची इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती.

ता. क. तिसरा. काल शनिवार होता. मी वाचनालयात जाऊन पुन्हा उभा राहिलो आणि सहावे प्रकरण कोणाचे ते सांगितले. मोठा गहजब होईल अशी माझी समजूत होती. रामराव म्हणाले, "मंग? आमाले त तेव्हाच समजलं होतं. तुमच्या म्हातारीनं आधी अर्ज केला असता." कोणालाही आश्चर्य वाटले नाही, हेही मला थोडे लागले. संपादकांनाही लिहिले आहे की लेखिका सौ. कुंदा आहेत, पहिली पाच प्रकरणे रद्द समजावीत आणि पुढचा पत्रव्यवहार वणीच्या पत्त्यावर करावा. त्यांचे मूळ पत्र यात घातले आहे, ते तिच्या हातात द्या. (हे पत्र तुम्ही मोठ्याने वाचत असाल तर ती आतल्या दाराआड उभी असेल. थांबू नका, वाचा.)

तिला परत पाठवा असे मी म्हणत नाही. तसे म्हणायचा हक्क मी त्या शनिवारी घालवला. ती यायची तेव्हा येईल, आणि येईपर्यंत मी भाकरी थापायला शिकेन; तूर्त त्या सगळ्या वणी तालुक्याच्या नकाशासारख्या होतात. मागणे एवढेच आहे की सातवे प्रकरण तिने लिहावे, तिथे बसून लिहिले तरी चालेल, आणि छापायच्या आधी मला एकदा वाचायला द्यावे. त्या म्हातारीला पुन्हा पंख फुटतात की नाही, हे मला कळायला हवे.

पक्की प्रत मी करून दिली असती, पण माझे अक्षर. तेव्हा माझ्याकडून होण्यासारखे जे एकच काम आहे ते केले आहे. या पत्राबरोबर कुंदाच्या नावाचे एक छोटे पार्सल येईल. ते तुमच्या माणसांना आडवे ठेवू देऊ नका, आपटू तर मुळीच देऊ नका. त्यात माझे पेन आहे, आणि शाई मी भरली आहे.