जायफळाचे वेढे

सोम., १२ जाने.

रात्री इरा, आमची तान्ही नात, पाच वेळा उठली. पाचही वेळा मी जागी होते, आणि पाचही वेळा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

परवाच सूनबाईंनी विचारलं होतं, "आई, रात्री एकदा तरी तुम्ही घ्याल का तिला? एकदाच." मी म्हटलं, अगं, विचारतेस काय. आणि हे असं. सकाळी वर तोंड करून सांगितलं, गुडघा धरला होता, उठताच येईना. गुडघा ठणठणीत आहे.

खरं कारण फ्रिजवर चिकटवलंय. मृण्मयीनं मोबाइलवरून बाळाला झोपेचं वळण लावणाऱ्या एक बाई लावल्यात, बंगळुरूच्या. त्यांचा तक्ता. सात वाजता दिवे मंद, सव्वासातला दूध, साडेसातला पाळण्यात जागीच ठेवायची. मांडीवर झोपवायचं नाही, पायावर घालून हलवायचं नाही. अभयला मी दोन वर्षं पायावर हलवून झोपवला, तो काही वाया गेला नाही. म्हणून मग, बोलवा तुमच्या बाईंना, असं मनात म्हणत पडून राहिले. बासष्ट वर्षांची झाले आणि मोबाइलमधल्या बाईवर रुसतेय.

बुध., १४ जाने.

संक्रांत. मृ.नं तिळगूळ विकतचा आणला. मी काही बोलले नाही. (बोलले, नंतर, नणंदेशी फोनवर.)

मालिशवाली हिराबाई आठला आली. शेजारच्या मोरवा गावाहून चालत येते. आमच्या बिल्डिंगमधली चार बाळं तिच्या हाताखाली आहेत. तेल, अंघोळ, धुरी, आणि शेवटी गुटी. सहाण माझ्या सासूबाईंची. मी उगाळायचं, हिराबाईनं चाटवायचं. डॉक्टर लसीच्या वेळी म्हणाले होते, गुटी नकोच. मृ.नं माझ्याखातर चालू ठेवू दिली, पण अट घालून: सहाणेवर एकदा गोल फिरवलं की एक वेढा, आणि प्रत्येक मुळीचा एकच वेढा, वर नाही. हळकुंड एक, वेखंड एक, मुरडशेंग एक. जायफळ अर्धाच. हिराबाई शेजारी बसून मोजते. "ताय, जायफळ निजवतो पोराला. आर्दाच."

मला मोजतेय. पस्तीस वर्षं ऑफिसात मी दुसऱ्यांचे हिशेब तपासले. 

शुक्र., १६ जाने.

सकाळी दूध उतू जाऊन गॅस विझला. मृ. ओट्याशी उभी होती, उभ्या उभ्या डोळा लागला होता तिचा. वास आला म्हणून मी धावले. हात धरून बसवलं तर म्हणाली, "आई, मला कळलंच नाही." ओठ पांढरे. ती परत ऑफिसला जायला लागून तीन आठवडे झालेत, आणि या तीन आठवड्यांत सलग तीन तास झोपली नसेल.

मला कणव आली, हे खरं. पण कणवेच्या मागून फुशारकीही आली. म्हटलं, आजपासून इरा माझ्या खोलीत. बघ कशी झोपते रात्रभर.

अभय हसला. "आई, तक्त्याप्रमाणे हं."

संध्याकाळी सहाण माझ्या खोलीत नेली. दुधात जायफळ उगाळलं, दोन वेढे. बोटानं चाटवलं. सरळ काम असतं तर दाराला कडी कशाला लावली असती मी?

शनि., १७ जाने.

इरा पहाटे पाचला उठली. पाचला!

त्याआधीच, चारला, मृ. घाबरून धावत आली, पोरगी रडली कशी नाही म्हणून. तिला शांत झोपलेली बघितली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. लग्नाला चार वर्षं झाली, पहिल्यांदा. "तुमच्या हाताला काय आहे हो आई?"

म्हटलं, अनुभव.

मंगळ., २०

तीन वेढे. साडेसहापर्यंत. मृ.च्या तोंडावर रंग दिसायला लागलाय. काल डब्यात मला आवडते म्हणून वालाची उसळ माझ्यासाठी काढून ठेवली.

रात्री व्हिडिओवर बंगळुरूच्या बाई आल्या. मृ.नं आनंदानं सांगितलं. त्या म्हणाल्या, तक्ता पाळला की असंच होतं. माझी नुसती चडफड. श्रेय त्या बाई घेऊन गेल्या, आणि मला तोंड उघडता येईना.

गुरु., २२

सोसायटीत हळदीकुंकू. समोरच्या जिग्नाबेनची मुलगीही रात्रभर रडते. तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "आंटी, इरा कैसे सोती है? टिप दो ना." 

मी म्हटलं, "मालिश अच्छी होनी चाहिए, बस." बायकांनी माना डोलावल्या. वाण घेऊन घरी येईपर्यंत कान गरम होते.

सकाळी हिराबाई म्हणाली होती, "ताय, पोर सुस्त हाय. दूद पन ओढत न्हाय." मी म्हटलं, दात येत असतील. तिनं जायफळ उचलून उलटसुलट पाहिलं. मग सहाण धुऊन ठेवली आणि गेली.

थांबवायला हवं. उद्यापासून.

शनि., २४

थांबवलं नाही. कालही नाही, आजही नाही.

उद्या बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचे दागिने, बोरं-चुरमुरे सगळं आणून ठेवलंय. गिरगावहून नणंद येणार. तिच्या नातवाच्या बोरन्हाणात पोरगं पहिल्यापासून शेवटपर्यंत रडलं होतं. आपली इरा कशी टवटवीत, हसरी बसायला हवी. म्हणून झोप पुरी व्हावी. म्हणून पाच.

सोम., २६

लिहायला हात वळत नाही. लिहिते.

काल सकाळी आठ वाजले तरी उठली नाही. उचलली तर मान लुळी. ओठ कोरडे, डोळे अर्धे उघडे, आणि त्यात काही नाही. मृ.नं तळवे चोळले, गालावर पाणी लावलं. रिक्षात ती सारखी "इरू, इरू" म्हणत होती. मी हलव्याचा मुकुट हातात तसाच घेऊन निघाले होते, हे दवाखान्यात पोचल्यावर कळलं.

डॉक्टरांनी विचारलं, काही दिलंय का? औषध, सिरप, गुटी? मृ. म्हणाली, सकाळी गुटी असते. "जायफळ असतं त्यात? कोण देतं?"

मृ.नं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मालिशवाली बाई देते."

एक शब्दही खोटा नाही. सकाळची गुटी तीच चाटवते. ऑफिसात अशी वाक्यं मी लाल शाईनं अधोरेखित करायचे.

डॉक्टर मृ.वर चिडले, एवढ्याशा बाळाला जायफळ म्हणजे काय खेळ वाटला का. सलाइन लावलं. हातावर शीर सापडेना, तीनदा टोचलं. इरा नीट रडलीसुद्धा नाही. मी बाहेर बाकावर येऊन बसले. मुकुटाची साखर घामानं हाताला चिकटली होती.

संध्याकाळी सहाला रडली. जोरात. अभय भिंतीला टेकून रडला. आज घरी आणली, दूध पितेय.

मृ.नं आल्या आल्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. हिराबाईचं नाव, मोरवा, सगळं. "कृपया आपल्या बाळांना हिच्या हातात देऊ नका." मला वाचून दाखवलं. "बरोबर लिहिलंय ना आई?"

मी हो म्हटलं.

बुध., २८

हिराबाई आली होती. गॅलरीतून पाहिलं. वॉचमन हात आडवा करून, "मॅडमने मना किया है." ती वर बघायला लागली, तशी मी मागं सरले. वाळत घातलेल्या इराच्या दुपट्यांच्या आड उभी राहिले. परत बघितलं तर तेलाची पिशवी छातीशी धरून गेटबाहेर चालली होती.

जिग्नाबेननंही तिला बंद केलं. बाकीच्या दोघींपैकी एकीनंही. 

रवि., १ फेब्रु.

मृ.नं सहाण माळ्यावर टाकली आणि गुटीची डबी कचऱ्यात. मी डबीतून जायफळ तेवढं काढून घेतलं. का, ते माहीत नाही. हळकुंड, वेखंड अजून नव्यासारखी. जायफळ एका बाजूनं सपाट झालंय, आतली नक्षी दिसतेय. कुणीही बघावं आणि ओळखावं. मृ.नं पाहिलं नाही, कारण तिला माझ्यावर संशयच नाही.

दुपारी जेवताना म्हणाली, "आई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही विश्वास ठेवलात, तुमचा काय दोष." आणि मला गरम पोळी वाढली. याच्यापेक्षा तिनं थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

इरा आता रात्री तीन-चारदा उठते. मीच उठते. पायावर घेत नाही, हलवत नाही, नुसती पाळण्याशेजारी बसते, तक्त्यात लिहिल्याप्रमाणे. ती माझं बोट धरून झोपते. तेच बोट.

गुरु., ५

मोरव्याला गेले. घरात सांगितलं, भाजी आणते.

हिराबाई अंगणात सुकट निवडत होती. मला पाहून उठली, पाट दिला. पहिलं काय विचारावं तिनं? "पोर कशी हाय?"

म्हटलं, बरी आहे. चहा आला, तो प्यायले.

मग तीच बोलली. शांतपणे, सुकट निवडता निवडता. "ताय, सकाली आर्दा वेढा घासून जायफळ येवढा झिजत न्हाय. मना तवाच समजला."

मी विचारलं, मग मृण्मयीला का नाही सांगितलंस?

"मी सांगितला आसता तं सासू-सुनेत भांडान लावला म्हनली आसती. म्हटला, तुमी सांगाल." एक काडी बाजूला टाकून, "येवढे दिस वाट बगतंय मी."

चार घरं होती, एक राहिलंय. तेही, महिना भरेपर्यंत म्हणालेत.

पाया पडावं असं वाटलं. पडले नाही. ती संकोचली असती, आणि मी तेवढ्यात सुटले असते. येताना भाजी आणायची विसरले. मृ.ला सांगितलं, चांगली नव्हती.

शनि., ७

आज तीनदा ठरवलं. सकाळी मृ. केस धूत होती. दुपारी अभय समोर होता. संध्याकाळी ती दमलेली होती. बहाणे शोधायला मला कधी वेळ लागला नाही.

भीती कसली आहे, ते एकदा लिहूनच टाकते. ती म्हणेल, इराला हात लावू नका. बस, एवढीच. हिराबाईचं पोट, मृ.चा विश्वास, हे सगळं त्याच्या खाली. इतकी आपमतलबी आहे मी.

रवि., ८

सकाळी जायफळ मुठीत घेऊनच स्वयंपाकघरात गेले, म्हणजे माघार घेता येणार नाही. "मृण्मयी, जरा बसतेस?"

"आई, आधी हिला घ्या ना, मी हात धुते." आणि इराला माझ्यापुढे धरलं. इरा दोन्ही हात पसरून माझ्याकडे झेपावली.

मूठ उघडल्याशिवाय तिला घेता येईना. उघडली.

"हे काय?"

सांगितलं. संध्याकाळचं दूध, कडी, दोन, तीन, पाच. नणंद. डॉक्टरांसमोरचं वाक्य. मोरवा. एका दमात सांगितलं, रडले नाही. रडण्याचा मला हक्क नव्हता. मृ.नं इराला परत छातीशी ओढून घेतलं, हळूहळू, जसं काही मी हिसकावून घेईन. एकच विचारलं, "मी तुमच्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं, त्या रात्री पण?"

म्हटलं, त्या रात्री दोन.

ती आत गेली. अभय दाराशी येऊन उभा होता. "आई, तू?" एवढंच म्हणाला आणि तिच्यामागे गेला.

मग ग्रुपवर मी लिहिलं. माझ्या नावानं, फ्लॅट नंबरासकट. हिराबाईनं काही केलेलं नाही, जे केलं ते मी केलं, असं. चष्मा घालून दोनदा वाचलं आणि पाठवलं. सगळ्यांनी वाचलेलं दिसतंय. हिराबाईकडे साधा फोन आहे, तिला हे दिसणार नाही. उद्या जाऊन सांगायचं. तिला पुन्हा कुणी बोलावेल का, ते मला सांगता येणार नाही.

आता दुपारचे तीन. जेवायला कुणी बाहेर आलं नाही. तीन ताटं झाकून ठेवलीत.

आत इरा उठलीय. रडतेय. मी जागी आहे, गुडघा ठणठणीत आहे. त्यांच्या दाराला आतून कडी आहे.