प्रेक्षकांनी बोलायचं नाही

४ ऑक्टो.
सासूबाईंचा उपास. कुणासाठी, तर संजयसाठी. माझा धाकटा दीर. अमेरिकेत दोन लहान मुलींचं आयुष्य नासवलं त्याने. शिक्षा संपली तरी तिथल्या कोर्टाने सोडला नाही, अजून धोकादायक आहे म्हणून. कुलूपबंद केंद्रात ठेवलाय. अधूनमधून सुनावणी होते, सोडायचा की ठेवायचा. सा.बाईंच्या तोंडी मात्र, "माझा संजू आजारी आहे गं." आजारी म्हणे! खिचडी मीच केली. रागाच्या भरात केली, साबुदाण्याचा गिच्च गोळा झाला. निमूट खाल्ली त्यांनी.

७ ऑक्टो.
महेशचं परत तेच. कायमचं नाशिकला जाऊ या. आईचे गुडघे, इथल्या शाळेची फी, एसी मेंटेनन्सच्या धंद्यात आता दम नाही. इन्शाल्ला मार्चपर्यंत इथलं सगळं खलास करू म्हणाला. तन्वी ताटावरून नजर न उचलता, "आय ॲम नॉट गोइंग. फुलस्टॉप." अकरा वर्षांची कार्टी, बापाला फुलस्टॉप देते. मी म्हटलं, विचार करते. एवढंच म्हटलं. हो म्हटलेलं नाही.

९ ऑक्टो.
संजयची सुनावणी पुढच्या आठवड्यात. ती कुणालाही बघता येते, घरबसल्या, व्हिडिओवर! आज कळलं. कोर्टाच्या साइटवर नाव आणि ईमेल टाकायचा की लिंक येते. अट एकच, प्रेक्षकांनी बोलायचं नाही. माइक त्यांच्याकडूनच बंद.
म्हणजे कोर्ट अख्ख्या जगाला दाखवतंय, आणि इथे अमिरातीत, अल ऐनच्या मराठी मंडळात संजू 'रिसर्चला' आहे. धन्य आहेत माझ्या सासरचे.
नाव टाकलं. मला बोलायचं नाहीच आहे. त्याला परत आत टाकताना बघायचंय, बस.

१५ ऑक्टो.
महेश सकाळीच गेला. रुवैसला साइट आहे, तीन-चार तासांवर, उशीर होईल. बरं म्हटलं. संध्याकाळी तन्वीला स्विमिंगला सोडलं, पार्किंगमध्येच गाडीत बसले, फोन स्टिअरिंगला टेकवला. तिथली सकाळ. जज बाई. संजय एका चौकोनात, जाड झालाय, चेहरा साळसूद. त्याचा वकील म्हणाला, सुटला तर भारतात पाठवतील, तिथे भाऊ सांभाळायला तयार आहे, भावाला बोलवा.
आणि चौकोनात महेश. इस्त्रीचा शर्ट, मागे मीच टांगलेलं मराठी कॅलेंडर. कसलं रुवैस! इथे, आमच्या ऑफिसात.
म्हणाला, आम्ही नाशिकला शिफ्ट होतोय. संजय आमच्याच घरात राहील. बायकोला सगळं माहीत आहे, तिची संमती आहे.
सरकारी वकील बाईने विचारलं, घरात लहान मूल?
"वन डॉटर. शी विल बी इन बोर्डिंग स्कूल."
माझी तन्वी. बोर्डिंगला. त्याला खोली मिळावी म्हणून माझ्या पोरीला घराबाहेर काढणार. केसाने गळा कापला मेल्याने.
ओरडले मी गाडीत. काचेवर हात आपटले. बाजूच्या गाडीतली बाई बघायला लागली. फोनमध्ये कुणाला काय ऐकू जातंय? माइक बंद. मग दिसलं, नाव बदलता येतं. माझ्या चौकोनाखाली नुसतं 'व्ही' होतं, वर्षाचं. ते खोडलं आणि इंग्रजीत टाइप केलं, 'मी महेशची बायको. तो खोटं बोलतोय. मी हो म्हटलेलं नाही.'
थोड्या वेळाने मला कॉलमधून बाहेर काढलं. कुणी वाचलं की नाही, देव जाणे.
तन्वी ओल्या केसांनी आली. "मम्मा, आर यू क्रायिंग?" म्हटलं नाही, चिडलेय. बेल्ट लाव.

१६ ऑक्टो.
महेशने वाचलं होतं.
"तू तिथे काय करत होतीस?" चोराच्या उलट्या बोंबा. "जगासमोर तमाशा केलास."
वर म्हणे, "सांगणारच होतो."
"कधी? तन्वीची बॅग भरल्यावर?"
सा.बाई मध्ये पडल्या. "आपलेच दात, आपलेच ओठ गं वर्षा."
"दात तुमचे असतील आई. ओठ माझ्या पोरीचे आहेत."
आज तन्वीशेजारी झोपणार. दाराला कडी लावून. कुणाच्या भीतीने, तो तर सातासमुद्रापार आहे. तरी लावणार.

२० ऑक्टो.
मेल. सरकारी वकील बाईच्या ऑफिसातून. जजने निकाल दिलेला नाही, पुन्हा सुनावणी. मी साक्षीदार म्हणून बोलेन का?
बोलले तर महेश शपथेवर खोटं बोलला हे सिद्ध झालं. मग हे लग्न कुठलं उरतंय? माझा इथला व्हिसा त्याच्या स्पॉन्सरशिपवर. तन्वीचाही. नाही बोलले तर संजय नाशिकला, आमच्या घरात.
म. हात जोडतो. आई मरेल म्हणतो. मरू दे, असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

२३ ऑक्टो.
चपात्या करत होते. सा.बाई मागे येऊन उभ्या. म्हटलं आता रडगाणं.
"त्या मुली केवढ्या होत्या गं?"
इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मला दया नाही आली. सांगून टाकलं, तन्वीएवढ्या. एक तर लहानच.
ओट्याला धरून उभ्या राहिल्या. तव्यावरची चपाती करपली. मग गेल्या खोलीत.

२८ ऑक्टो.
तीच पार्किंग. तन्वी आत पोहतेय. कोर्टाने थांबवून ठेवलंय म्हणून लिहितेय. चौकोनाखाली आज पूर्ण नाव टाकलंय.
संजय आहे. म. आहे, घरून, दिवाणखान्यातला सोफा दिसतोय. शेजारी सा.बाई, डोक्यावर पदर. म. त्यांना स्क्रीनमधला संजू दाखवतोय. त्या त्याच्याकडे बघत नाहीयेत, सगळे चौकोन एकेक करून शोधतायत. मला शोधतायत वाटतं. शिव्या द्यायला की अजून कशाला, कळत नाही.
माझं नाव पुकारलं. धड उच्चारता आलं नाही त्यांना.
माइक चालू करा म्हणतायत.